शीग न लावता

जगदेवला काठोकाठ भरलेलं काही पुरेसं वाटत नसे. काठाच्या वर चार बोटं पाहिजेच. तुरीची पायली मोजायची तर ती आधी काठापर्यंत भरायची, बाजूनं दोन थापा मारून दाणे खाली बसवायचे, आणि मग वर ओंजळीनं घालत घालत टोकदार ढीग उभा करायचा. त्या ढिगाला म्हणायचं शीग. शीग न लावता दिलेलं माप म्हणजे लबाडी, हे बापानं त्याला शिकवलं होतं. बापाची बाकीची शिकवण तो सोयीनं विसरला, पण ही एक गोष्ट वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत त्यानं इमानानं जपली. इंझोरीतली माणसं तूर घ्यायला दुसऱ्या दारात न जाता त्याच्या दारात येत, ती या शिगेपायीच.

इथवर सगळं ठीक होतं. पण दोन वर्षांपूर्वी घरात मोटार आली आणि जगदेव पेट्रोललाही शीग लावायला लागला.

मोटार जुनी होती, पांढरी. त्याच्या मुलानं, हरीओमनं, ती कारंज्याच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली होती. जगदेवनं उभा जन्म ट्रॅक्टर हाकलेला, त्यामुळे मोटार शिकायला त्याला आठवडासुद्धा लागला नाही. पेट्रोल भरायला मात्र तो दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसे. पंपावर गेला की स्वतः खाली उतरून टाकीपाशी उभा राहायचा. टाकी भरली की नळी आपोआप खट्‌कन बंद पडते. पंपावरचा माणूस ती काढायला लागला की जगदेव म्हणायचा, "थांब, अजून बसते." मग गाडीच्या मागच्या अंगाला दोन्ही हात लावून तो ती गदगदा हलवायचा. आत गुडगुड व्हायचं, फेस खाली बसायचा, पुन्हा नळी सुरू, पुन्हा खट्‌. तिसऱ्या खेपेला पेट्रोल गळ्याशी यायचं, बाहेर उसळायचं आणि पत्र्यावरून ओघळत चाकापर्यंत जायचं. तेव्हा कुठं जगदेवचं समाधान व्हायचं. "हां, आता लागली शीग." त्या पंपावरची माणसं त्याला इतकी सरावली होती की पांढरी गाडी दिसली की त्यातला एकजण न सांगता मागं जाऊन हलवायला उभा राहायचा.

यावर कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती एका नाकाची, आणि ते नाक होतं प्रयागबाईचं, जगदेवच्या बायकोचं.

प्रयागबाईला पेट्रोलचा वास सहन होत नसे. बारा वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाला ती जीपमधून गेली होती. पायाशी कुणाचा तरी पेट्रोलचा डबा ठेवलेला, बुचाऐवजी त्याला चिंधी कोंबलेली. लग्नघरी पोचेपर्यंत तिचं डोकं गरगरायला लागलं, आणि उतरल्या उतरल्या स्वागताला पुढं आलेल्या व्याह्यांच्या नव्या कोऱ्या धोतरावर तिला भडाभडा ओकारी झाली. सगळा मांडव बघत होता. व्याही भले होते, काही बोलले नाहीत, त्यामुळे तिला आणखीच लाज वाटली. त्या दिवसापासून तिनं मोटारीचं नाव टाकलं. घरी गाडी आली ती पेट्रोलची पहिली शीग लावूनच; नारळ फोडून सगळ्यांनी तिला आग्रहानं पुढं बसवली, तर नाल्याच्या पुलापर्यंत ती कशीबशी तग धरून राहिली. मग म्हणाली, "थांबवा." उतरली आणि भर उन्हात चालत घरी आली. "मले गाडीचं सुख लिवलेलं नाही," एवढंच बोलून तिनं विषय मिटवला.

विषय मिटला होता, कारण अडत काही नव्हतं. तिची सख्खी म्हणावी अशी एकच, थोरली बहीण तुळसाबाई, शेलूबाजारला राहायची आणि दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, न चुकता स्वतः इंझोरीला यायची. आई गेली तेव्हा प्रयाग चार वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालणं, तिच्या वेण्या घालणं, तिला निजवणं, सगळं दहा वर्षांच्या तुळसानं केलं. अजूनही अखाजीला आली की ती प्रयागबाईला पुढ्यात बसवून तिची वेणी घालायची आणि पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसायच्या.

या वर्षी होळीच्या आधी तुळसाबाई अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं, आणि आता ती शेलूबाजारला मुलाच्या घरी खाटेवर होती. तिचा फोन आला.

"प्रयाग, या अखाजीले मी काही येत नाही वो. तूच ये. डोळ्यानं पाहू दे तुले एकदा."

"येतो ना बाई," प्रयागबाई म्हणाली. फोन ठेवला आणि पीठ चाळायला बसली. पीठ कधीच चाळून झालं होतं. ती पुन्हा तेच चाळत होती, हे जगदेवनं दारातून पाहिलं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "बैलगाडीनं गेलं त दोन दिवस लागतीन. मंगरूळात मुक्काम करू. येवढं काय अवघड हाये?"

ती थट्टा करत नव्हती. जगदेवनं हातातला घास ताटात ठेवला. दारात मोटार उभी, तासा-दीड तासाची वाट, आणि आपली बायको म्हातारे बैल जुंपायचं म्हणते. त्याला स्वतःची शरम वाटली. पण शरम वाटली की ती दुसऱ्यावर ढकलायची, ही माणसाची रीत आहे. जगदेवनं ती पेट्रोलच्या कंपनीवर ढकलली.

त्याला तसा आधारही मिळाला. गावात गोपीचंद नावाचा एक जीपवाला होता. मंगरूळपीर ते शेलूबाजार वीस वर्षं जीप चालवून त्याला जगातलं सगळं कळायला लागलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, पेट्रोल पेट्रोलमंधी फरक असते. एका कंपनीचं जड, वास नाकात बसते. एका कंपनीचं हलकं, आलं अन गेलं. तुमी शेलूबाजारच्या पलीकडच्या पंपावरचं टाका. वहिनीले समजनार बी नाही."

जगदेवला हे फार पटलं. तुरीत नाही का फरक असत? मारुती वाणाची तूर वेगळी, पांढरी तूर वेगळी, शिजायला लागली की घरभर वेगळा वास. तसंच हे. दुसऱ्याच दिवशी तो निघाला आणि दोन कंपन्यांच्या दोन पंपांवर जाऊन आला. पहिल्यावर साधं, दुसऱ्यावर साधं, आणि त्याच दुसऱ्यावर ते जादा भावाचं, असं तीन तऱ्हेचं पेट्रोल त्यानं तीन चिंध्यांवर थोडं थोडं घेतलं. प्रत्येक चिंधी वेगळ्या स्टीलच्या डब्यात कोंडली. कोणती कुठली हे विसरू नये म्हणून एका झाकणावर कणकेनं तुरीचा दाणा चिकटवला, दुसऱ्यावर हरभऱ्याचा, तिसऱ्यावर मुगाचा.

संध्याकाळी ओट्यावर त्यानं प्रयागबाईला बसवलं आणि डबे पुढं मांडले.

"हे काय हाये? लोनचं?"

"वास घेऊन सांग, कोन्त्यानं कमी तरास होते."

प्रयागबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर डबे उचलून पळाला असता. पण बहिणीसाठी ती काहीही करायला तयार होती. तिनं तुरीचं झाकण उघडलं, तोंडाला हात लावला, बंद केलं. हरभऱ्याचं उघडलं, डोळे मिटले. मुगाचं उघडलं आणि उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"तिन्हीचा सारखाच."

"नीट घे ना. हरभऱ्याचा थोडा हलका नाही वाटत? अन मूग त महागाचा हाये."

"अवो, तूर राहो का मूग राहो, मले तिन्हीनं मळमळून राह्यलं. उचला ते."

तिची सून मंजुषा दारात उभी राहून हे पाहत होती. मंजुषा रोज स्कुटीवरून मानोऱ्याला एका दवाखान्यात कामाला जायची. ती कमी बोलायची, पण बोलली की त्यात काहीतरी असायचं.

"मामाजी, एक सांगू? राग नका मानू."

"सांग."

"मागच्या साली आईच्या पायात काटा घुसला तवा मी त्याईले स्कुटीवर दवाखान्यात नेलं. काहीच झालं नाही. स्कुटीतबी पेट्रोलच असते."

प्रयागबाईनं वळून पाहिलं. स्कुटीला ती मोटारीत धरतच नव्हती, त्यामुळे हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. "थे त हवा लागत होती," ती म्हणाली, पण तिलाच ते पुरतं पटलेलं दिसलं नाही.

"पेट्रोल कोन्याबी कंपनीचं आना, वास सगळ्याईलेच हाये," मंजुषा म्हणाली. "पन टाकीत हाये तोवर थो आपल्यापर्यंत येत नाही. बाहेर सांडलं की येते. या, दाखवतो."

तिनं गाडीची डिक्की उघडली. आत फवारणीच्या पंपासाठी आणलेल्या पेट्रोलची कॅन होती. तिचं बूच केव्हाच हरवलेलं, तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि खालचा गालिचा ओला, काळपट. मग मंजुषानं टाकीच्या झाकणाकडे बोट केलं. झाकणापासून थेट चाकापर्यंत रंग उडून वीतभर पट्टा पडला होता.

"ही तुमची शीग," ती म्हणाली.

जगदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेनं आपल्याला आपल्याच अंगणात असं दाखवावं! तो चप्पल अडकवून वावरात निघून गेला आणि बांधावर बसून राहिला. पण वावरात ऐकायला कुणी नसतं, तिथं राग फार वेळ टिकत नाही. त्याला तो काळपट गालिचा आठवत राहिला. दोन वर्षं आपणच आपल्या हातानं, थापा मारून मारून, बायकोला या गाडीतून बाहेर काढली. कंपन्यांना नावं ठेवत हिंडलो आणि कॅन मात्र मागं आपलीच.

दिवेलागणीला तो परत आला. त्यानं डिक्कीतली कॅन उचलली आणि गोठ्यापलीकडच्या पडवीत नेऊन ठेवली. मंजुषानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पुढचे चार दिवस घरात दुसरं काम नव्हतं. हरीओमनं गालिचे काढून साबणाच्या पाण्यात बडवले आणि छपरावर वाळत घातले. पत्रा घासून काढला. गाडीची पाचही दारं दिवसभर उन्हात उघडी ठेवली. वैशाखाच्या तोंडावरचं ते ऊन, त्यात वासच काय, गाडीच विरघळते की काय असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मागच्या सीटवर कोंबडीनं अंडं घातलं. "कोंबडी बसली म्हंजे आई बी बसते," हरीओम म्हणाला. प्रयागबाई हसली नाही, पण रागावलीही नाही.

जगदेवनं त्यात स्वतःची एक अक्कल घातली. टाकीत जितकं पेट्रोल कमी तितका वास कमी, असा त्यानं हिशोब मांडला. हरीओम म्हणत होता की आदल्या दिवशीच भरून आणू, गाडी रात्रभर उघडी ठेवू. जगदेव म्हणाला, "कायले? हाये तेवढं पुरते." काटा तळाशी टेकायला आला होता. ज्यानं जन्मभर शीग लावली तो आता रिकामं भांडं घेऊन निघाला होता, पण हे त्याला सांगणार कोण?

अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ते निघाले. वावरात भुईमुगाला पाणी द्यायचं होतं म्हणून हरीओम मागं थांबला. जगदेव गाडी चालवायला, शेजारी प्रयागबाई, मागं मंजुषा आणि तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. काच पूर्ण खाली. प्रयागबाईनं एका मुठीत लिंबू घेतलं होतं आणि दुसऱ्या हातानं पदर नाकाशी धरला होता.

नाल्याचा पूल आला. जगदेवनं गाडी अगदी हळू केली आणि तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. पूल मागं पडला. मग कुठं जगदेवनं गाडीचा वेग वाढवला.

दोन-तीन गावं मागं पडली तसा पदर नाकावरून खाली आला. मग हनुवटीखाली. मग तो खांद्यावर नीट बसला. बारा वर्षांत रस्त्याकडेला काय काय उभं राहिलं ते प्रयागबाई पाहायला लागली. "हे एवढालं गोडाऊन कोनाचं वो? अन इथं आंबा होता ना मोठा?" जगदेव एकेक सांगत होता. त्याला इतकं बरं वाटत होतं की माहीत नसलेलंही तो सांगत होता.

आणि मंगरूळपीर मागं पडल्यावर काट्यापाशी पिवळा दिवा लागला.

मंजुषा मागून हळूच म्हणाली, "मामाजी, दिवा."

"दिसून राह्यला."

ती पुढं एक शब्द बोलली नाही. "हरीओम सांगत होते" एवढं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. म्हणाली नाही, ही तिची मोठी गोष्ट.

गोपीचंदनं सांगितलेला पंप शेलूबाजारच्या पलीकडे होता. तिथवर गाडी पोचेल याची खात्री नव्हती. उन्हात मध्येच बंद पडली तर मग कॅन आणा, रस्त्यावर ओता, आणि सगळं पुन्हा होतं तिथं. तेवढ्यात उजव्या हाताला एक पंप दिसला. जगदेव तिथं आजवर कधी गेला नव्हता.

"पेट्रोल टाका लागते," तो म्हणाला.

प्रयागबाईची मूठ लिंबावर आवळली. "मी उतरून थांबतो. पार तिकडं."

पंपाच्या अलीकडे जगदेवनं गाडी उभी केली. खाली उतरून चिमूटभर माती उचलली आणि हवेत सोडली. खळ्यावर उफणायच्या आधी वारा असाच पाहतात. माती पंपाकडे गेली. वारा इकडून तिकडे होता. अलीकडच्या कडुनिंबाखाली त्यानं बायकोला आणि सुनेला उभं केलं आणि एकटा गाडी घेऊन पुढं गेला.

पंपावर शीला नावाची बाई होती. साडीवर पंपाचा शर्ट, डोक्यावर टोपी, वय पंचेचाळीसच्या आसपास.

"गाडी बंद करा काकाजी. किती टाकू?"

"फुल," जगदेव सवयीनं म्हणाला आणि त्याला घाम फुटला. "म्हंजे फुल, पन सांडलं नाही पायजे. एक थेंब बी नाही."

"सांडते कायले? सांडवलं त सांडते."

"थ्या झाडाखाली माही घरवाली उभी हाये. तिले वास चालत नाही. बहिनीच्या घरी चालली, बारा वर्षांनी. थेंब पडला त थे तिथूनच मागं फिरीन."

शीलानं कडुनिंबाकडे पाहिलं. मग तिनं आधी स्वतःचे हात फडक्याला पुसले. नळीचं तोंड पुसलं. टाकीचं झाकण फिरवून काढलं, नळी पार आतपर्यंत घातली आणि घोडा दाबला. आकडे पळायला लागले. जगदेव आकड्यांकडे पाहत नव्हता, तो नळी आणि पत्रा यांच्यातल्या फटीकडे पाहत होता.

खट्‌.

त्या आवाजासरशी जगदेवचे दोन्ही हात आपोआप गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन टेकले. त्यानं ठरवलं नव्हतं. हातांनीच ठरवलं. बस, एक धक्का, आणि आत गुडगुडून अजून थोडं बसलं असतं. माप अर्धवट राहिल्याची जुनी रुखरुख त्याच्या छातीत उठली. बाप डोळ्यांपुढं आला, तुरीची पायली आली.

"हात काढा काकाजी," शीला म्हणाली.

"अजून बसते पन."

"बसते. अन मंग उन्हानं फुगून वरते येते, झाकनातून पाझरते, अन रस्ताभर वास मारते. थे वरची जागा पेट्रोलची नाही. थे रिकामीच राहू द्या लागते."

जगदेवनं कडुनिंबाकडे पाहिलं. प्रयागबाई सावलीच्या कडेला येऊन उभी होती. तिचं सगळं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. तिनं पदर नाकाशी नेला नव्हता. नेऊ की नको, अशी बोटं गळ्यापाशी थांबली होती. एवढ्या लांबूनही त्याला कळलं की ती घाबरलेली आहे, आणि घाबरलेली ती पेट्रोलला नाही, आपल्याला आहे.

त्यानं हात काढले आणि सरळ सदऱ्याच्या खिशात घातले.

"बास," तो म्हणाला.

शीलानं घाई केली नाही. नळी होती तशीच आत ठेवून ती थोडा वेळ थांबली, आतल्या आत निथळू दिली. मग नळीचं तोंड वरच्या अंगाला फिरवलं, खाली फडकं धरलं आणि सावकाश बाहेर ओढली. तोंडाशी लोंबणारा शेवटचा थेंब फडक्यानं टिपला. झाकण बसवून फिरवलं, तीनदा कटकट वाजेपर्यंत. जगदेव वाकला. झाकणाखालून पत्र्यावर त्यानं बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. नुसत्या धुळीचा वास होता.

"पोरी, देव तुहं भलं करो," तो म्हणाला. मग त्याला एकदम आठवलं. "कोन्त्या कंपनीचा पंप हाये हा?"

"एवढाली पाटी हाये ना वर," शीलानं बोट केलं.

जगदेवनं मान वर केली, पण डोळ्यांवर ऊन आलं. "राहू दे," म्हणून तो गाडीत बसला.

कडुनिंबापाशी त्यानं गाडी थांबवली. प्रयागबाई नदीच्या पाण्यात पाय घालावा तशी पुढं आली. दार उघडून तिनं आधी नुसतं डोकं आत घातलं. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. जगदेव स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसला होता. मग सीट किंचित दबली आणि दार लागलं.

"येते काय?" त्यानं विचारलं.

"काय?"

"वास."

"येते. तुमच्या घामाचा."

मागं मंजुषा खुदकन हसली. जगदेवचा जीव भांड्यात पडला. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं उगाच दोनदा हॉर्न वाजवला, आणि बाजूनं चाललेल्या एका शांत म्हशीनं त्याच्याकडे नाराजीनं पाहिलं.

शेलूबाजारात तुळसाबाईच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा दाराशीच एक घमेलं ठेवलेलं होतं. घमेल्यात राख, शेजारी पाण्याची बादली आणि तांब्यात लिंबू पिळलेलं पाणी. प्रयाग येणार म्हणजे ओकणार, हे गृहीत धरून तुळसाबाईनं खाटेवर पडल्या पडल्या सुनेकडून सगळी तयारी करून घेतली होती. व्याह्यांच्या धोतराची आठवण शेलूबाजारात अजून ताजी होती.

प्रयागबाई उतरली. दोन पावलं चालली. घमेल्याशी थांबली, राखेकडे पाहिलं, आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, मग ते थांबेचना. ती तशीच आत गेली.

"बाई, मी आली."

तुळसाबाईनं उशीवरून मान उचलली. होती त्यापेक्षा अर्धी झाली होती. तिनं बहिणीला खालून वर पाहिलं. "कशी आली? बैलगाडीनं?"

"मोटारीनं."

"अन ओकली नाही?"

"नाही."

"खरं सांग."

"अवो खरंच. लिंबू बी तसंच हाये, पाहा." प्रयागबाईनं मूठ उघडली. लिंबू गरम होऊन मऊ पडलं होतं, पण अख्खं होतं.

तुळसाबाईनं ते लिंबू बोटानं दाबून पाहिलं. मग तिनं उशाखाली हात घातला आणि फणी काढली. ती आधीपासूनच तिथं होती. "बस खाली," ती म्हणाली.

साठीला टेकलेली प्रयागबाई खाटेला पाठ लावून जमिनीवर बसली. तुळसाबाईनं कुशीवर वळून तिचा अंबाडा सोडला. केस आता मूठभरही उरले नव्हते, पांढरे झाले होते. तिनं ते नाकाशी नेऊन हुंगले. "जवसाचं तेल लावते अजून?" एवढं बोलून ती वेणी घालायला लागली. दुखऱ्या पायामुळे तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. प्रयागबाई मान किंचित मागं करून, डोळे मिटून बसली होती. बारा वर्षं आपण एवढंसं अंतर तोडू शकलो नाही, याचं वाईट आणि आज तोडलं याचा आनंद, दोन्ही तिच्या तोंडावर एकाच वेळी होतं. दारातून जगदेवनं ते पाहिलं आणि तो बाहेरच्या खोलीत येऊन बसला. त्याला गलबलून आलं होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं.

तुळसाबाईची सून रुचिका चहा घेऊन आली. या घरात जगदेवची ख्याती सगळ्यांना माहीत होती. तिनं बशीत कप ठेवला आणि किटलीतून ओतायला लागली. कप भरत आला तशी ती हसून म्हणाली, "मावसाजी, तुमाले त बशी भरेपर्यंत लागते ना? शीग."

आतून तुळसाबाईचा आवाज आला, "वत वो, वत. हात नको आखडू. थ्याईले सांडल्याशिवाय पोचत नाही."

"नाही," जगदेव म्हणाला. "काठ सोड, बेटा. बास."

आत फणी क्षणभर थांबली. मग ती पुन्हा चालू झाली.

जगदेवनं कप उचलून चहा सावकाश पिऊन टाकला आणि परत बशीत ठेवला. बशी कोरडी होती.